भारतीय भूपट्टाचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूपट्ट म्हणजे नेमके काय? खंड आणि भूपट्ट एकच का?

एकच नाहीत, आणि हा गैरसमज दूर झाला की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. पृथ्वीचे बाहेरचे कठीण आवरण सरासरी सुमारे १०० किलोमीटर जाडीचे आहे. त्यात वरचे भूकवच आणि त्याखालील प्रावरणाचा (भूकवच आणि पृथ्वीचा गाभा यांच्यामधल्या खडकाच्या जाड थराचा) थंड, ताठर भाग असे दोन्ही येतात. हे आवरण अखंड नसून मोठ्या व लहान तुकड्यांत विभागलेले आहे आणि त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. बहुतेक मोठ्या भूपट्टांवर थोडी जमीन आणि थोडा समुद्रतळ असे दोन्ही असते. भारतीय भूपट्टावर भारतीय द्वीपकल्प तर आहेच, शिवाय अरबी समुद्राचा व बंगालच्या उपसागराचा मोठा तळही त्याच पट्टाचा भाग आहे. त्यामुळे मुंबईचा किनारा ही भूपट्टाची कड नव्हे. पश्चिमेकडील कड गाठायची झाल्यास अरबी समुद्र बराचसा ओलांडून कार्ल्सबर्ग या सागरी पर्वतरांगेपर्यंत जावे लागेल.

समुद्र खोल आणि जमीन उंच, हा फरक मुळात कशामुळे आहे?

समुद्र म्हणजे पाण्याने भरलेला जमिनीचाच खोलगट भाग, असे सहज वाटते. पण जमीन आणि समुद्रतळ मुळातच वेगवेगळ्या खडकांचे बनलेले आहेत. खंडांचे कवच प्रामुख्याने ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचे, साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, तर समुद्रतळाचे कवच बेसाल्टचे, जड आणि अवघे ६ ते ७ किलोमीटर जाड आहे. घनता पाहिली तर खंडीय खडकांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, बेसाल्टची सुमारे ३ ग्रॅम आणि खालच्या प्रावरणाची सुमारे ३.३ ग्रॅम आहे. जाड व हलके कवच उंच राहते, पातळ व जड कवच खाली बसते आणि त्या सखल भागात पाणी साचते. उद्या सगळे पाणी आटले, तरी खंड उंच आणि समुद्रतळ खोल ही रचना कायम राहील.

या फरकाचा आणखी एक परिणाम असा की, समुद्रतळ असलेला भूपट्ट थंड होत जाऊन पुरेसा जड झाला की तो प्रावरणात परत बुडू शकतो, परंतु खंडाला हलकेपणामुळे सहजासहजी बुडता येत नाही. म्हणूनच खंडांवर सुमारे ४०० कोटी वर्षे वयाचे खडक सापडतात, मात्र आजच्या मोठ्या महासागरांच्या तळाचा जवळपास कोणताही भाग २० कोटी वर्षांहून जुना नाही. आपण समुद्राला अनादी समजतो. त्याचे पाणी प्राचीन आहे खरे, पण त्या पाण्याखालचा तळ पृथ्वीच्या मानाने कालपरवाचा आहे.

भूपट्ट वितळलेल्या लाव्ह्यावर तरंगतात, हे खरे आहे का?

नाही. शालेय चित्रांमध्ये प्रावरण लालभडक रसासारखे रंगवलेले असते आणि त्यामुळे ही समजूत पक्की झाली आहे. प्रावरण जवळजवळ सर्वत्र घन खडकाचे आहे. मात्र लोहाराच्या भट्टीत तापून लाल झालेले लोखंड जसे घन असूनही घणाखाली आकार बदलते, तसा प्रचंड तापमान व दाब यांमुळे हा घन खडक लाखो वर्षांच्या कालावधीत अतिशय संथपणे वाहतो. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्या प्रावरणातून व्यवस्थित पार होतात, हा त्याच्या घनपणाचा थेट पुरावा आहे. शिलारस तयार होतो तो ठरावीक ठिकाणी: जिथे पट्ट एकमेकांपासून दूर होतात आणि खालचा खडक वर येताना त्यावरील दाब घटतो तिथे, किंवा जिथे बुडणाऱ्या पट्टाबरोबर पाणी खोल जाऊन खडकाचा वितळणबिंदू खाली आणते तिथे.

मग भूपट्टांना हलवते कोण?

प्रावरणातील उष्णतेच्या प्रवाहांनी पट्ट वाहून नेले जातात, हे जुने स्पष्टीकरण अपुरे आहे. आज बहुतेक अभ्यासक पट्टाच्या स्वतःच्या वजनाला अधिक महत्त्व देतात. थंड, जड झालेली कड सागरी गर्तेपाशी, म्हणजे समुद्रतळावरील लांब, खोल चरापाशी, प्रावरणात बुडू लागते आणि बुडताना आपल्यामागचा उरलेला पट्ट खेचत नेते. मध्य-सागरी पर्वतरांगा उंच असल्याने तेथून पट्ट दोन्ही बाजूंना घसरतो, ही दुसरी आणि तुलनेने लहान प्रेरणा. ज्या पट्टांच्या लांबलचक कडा बुडत आहेत, ते पट्ट सामान्यतः वेगवान असतात, हे निरीक्षण या मताला पुष्टी देते.

ही कल्पना प्रथम कोणी मांडली आणि ती इतकी वर्षे का नाकारली गेली?

जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी जानेवारी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना व्याख्यानातून मांडली आणि १९१५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. खंडांच्या किनाऱ्यांचे जुळणारे आकार, दोन्ही किनाऱ्यांवरील सारखे खडक आणि सारखे जीवाश्म असा भक्कम पुरावा त्यांच्याकडे होता. पण खंड कोणत्या बळाने सरकतात, या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे गणितात टिकत नव्हती. शिवाय खंड समुद्रतळाला चिरत पुढे जातात, असे त्यांना वाटत होते आणि ते चूकच होते. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा सिद्धांत बहुतेकांनी बाजूला ठेवलेला होता. हा केवळ विद्वानांचा हेकटपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण निर्णायक पुरावा समुद्राच्या तळाशी होता आणि तो तळ तोवर कोणी नीट पाहिलेलाच नव्हता.

तो निर्णायक पुरावा कोणता?

त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच पश्चिमेच्या समुद्रात मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी खोली-मापनाच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले, तेव्हा मधोमध धावणारी पर्वतरांग आणि तिच्या माथ्यावरील खचदरी (कवच ताणले जाऊन मधला भाग खचल्याने झालेली दरी) स्पष्ट दिसली. हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये असे मांडले की, या रांगांवर नवा समुद्रतळ जन्माला येतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो. हे तपासायचे कसे, हा प्रश्न होता.

बेसाल्ट थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटते; सर्वांत अलीकडे ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी उलटले. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये असा युक्तिवाद केला की, हेस यांचे म्हणणे खरे असेल तर पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट व उलट चुंबकत्वाचे समांतर पट्टे आढळले पाहिजेत. त्यांनी वापरलेली मोजमापे १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग रांगेवर घेतलेली होती. कॅनडाचे लॉरेन्स मोर्ली हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते, पण त्यांचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला. पुढच्या चार-पाच वर्षांत भूपट्टांचा सिद्धांत आजच्या स्वरूपात उभा राहिला. (कार्ल्सबर्ग हे नाव एका डॅनिश मद्यनिर्मात्याच्या प्रतिष्ठानाचे आहे, ज्या सागरी मोहिमेला ही रांग सापडली, तिला त्याच प्रतिष्ठानाने अर्थसाहाय्य केले होते.)

भारत एके काळी अंटार्क्टिकाला जोडलेला होता, हे कशावरून?

याचा पुरावा विदर्भातल्या कोळशाच्या खाणीत हातात घेऊन पाहता येतो. चंद्रपूर, वणी, उमरेड या परिसरातील कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत वाढलेल्या वनस्पतींचा आहे. त्यांत ग्लॉसोप्टेरिस ही जिभेच्या आकाराच्या पानांची वनस्पती प्रमुख होती. तिचे जीवाश्म दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही सापडतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्युमुखी पडलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत सोबत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांमध्ये याच वनस्पतीचे जीवाश्म होते. तिच्या जड बिया एवढे महासागर ओलांडून गेल्या असतील, हे पटण्यासारखे नाही. त्याच काळातील कोळशाच्या थरांखाली हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचे थर ओडिशातील तालचेर येथे आणि चंद्रपूर जिल्ह्यातही आढळतात. आज उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे तापणाऱ्या भूमीवर एके काळी बर्फ होते, कारण ती भूमी तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या कितीतरी जवळ होती.

दक्षिणेकडील खंडांच्या या एकत्रित समूहाला गोंडवन म्हणतात. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आधी खडकांना मिळाले आणि पुढे एडुआर्ट स्यूस या भूवैज्ञानिकाने ते संपूर्ण प्राचीन महाखंडाला दिले.

भारत त्या समूहातून कधी सुटला?

एका दिवसात किंवा एका घावात सुटला नाही. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फाटू लागले. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांच्यापासून अलग झाला आणि आपला पूर्व किनारा आकाराला आला. मादागास्कर काही काळ भारताला चिकटूनच होते. ते सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी दूर गेले. कर्नाटकातील उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरील खडक त्या फाटण्याच्या वेळचे मानले जातात. सर्वांत शेवटी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून तुटला. महासागराच्या मध्यभागी असलेल्या त्या बेटांवर सुमारे ७५ कोटी वर्षे वयाचा ग्रॅनाइट आहे. हा खडक समुद्रतळाचा असूच शकत नाही; तो फुटलेल्या खंडाचा अवशेष आहे.

या प्रवासात भारतीय भूपट्टाचा वेग वर्षाला १५ ते १८ सेंटिमीटर इतका झाला होता, जो कोणत्याही मोठ्या पट्टासाठी विलक्षण आहे. त्याच्या कारणांविषयी अजून एकमत नाही. काहींच्या मते उष्ण प्रावरणाच्या प्रवाहाने भारताच्या बुडाचा भाग वितळवून पट्ट पातळ केला. काहींच्या मते उत्तरेस एकाच वेळी दोन ठिकाणी समुद्रतळ बुडत असल्याने ओढ दुप्पट झाली.

महाराष्ट्राचा काळा कातळ या प्रवासाशी कसा जोडलेला आहे?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारत उत्तरेकडे जात असताना, त्याच्या पश्चिम भागाखाली प्रावरणातील एक उष्णबिंदू, म्हणजे खोलवरून उष्ण खडक वर येण्याची जागा, आला. भेगांमधून लाव्ह्याचे लोट एकापाठोपाठ एक बाहेर पडले आणि त्यांचा बहुतांश भाग १० लाख वर्षांहून कमी काळात साचला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या बेसाल्टने व्यापलेले आहे. वेरूळची लेणी, रायगडाचे कडे आणि गावोगावच्या हेमाडपंती देवळांचे चिरे याच खडकाचे. सह्याद्रीकडे पाहताना जे पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात, ते निरनिराळ्या लाव्हा प्रवाहांचे थर आहेत. पूर्वेकडे थराची जाडी घटत जाते: कोयना परिसरात घेतलेल्या छिद्रात बेसाल्ट सुमारे ९३० मीटर जाड निघाला, तर किल्लारीत तो ३३८ मीटरच होता, आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी पाया लागला.

भारत पुढे सरकत राहिला. उष्णबिंदू जवळपास तिथेच राहिला. त्यामुळे त्याच्या खुणांची एक ओळ समुद्रतळावर उमटली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मधली पर्वतरांग ओलांडून मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. दक्षिणेकडे जावे तसे या ओळीतील ज्वालामुखी खडकाचे वय कमी होत जाते. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची असली, तरी त्यांच्या पायाशी हेच ज्वालामुखी खडक आहेत.

सह्याद्रीही हिमालयाप्रमाणे दोन भूपट्टांच्या टकरीतून तयार झाला का?

नाही. हिमालय टकरीतून उभा राहिला, तर सह्याद्री फाटण्यातून. सेशेल्स दूर जाताना भारताची पश्चिम कड उचलली गेली आणि तिच्यापलीकडचा भाग खचला. पनवेलच्या परिसरात लाव्ह्याचे एरवी आडवे असणारे थर पश्चिमेकडे झुकलेले आढळतात, ही त्या हालचालीची खूण आहे. त्यानंतर पावसाने व ओढ्यांनी कडा झिजवत झिजवत पूर्वेकडे मागे ढकलला आणि मधल्या पट्टीत कोकण उरले. द्वीपकल्प पूर्वेकडे कलता का आहे, याचे बरेचसे उत्तर यात आहे: गोदावरी त्र्यंबकेश्वरला, भीमा भीमाशंकरला आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे तिन्ही नद्या अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत जन्मतात आणि तरीही त्याकडे पाठ फिरवतात आणि त्यांचे पाणी अख्खे द्वीपकल्प ओलांडते (भीमेचे कृष्णेला मिळून). वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणात एका ओळीत आढळणारे गरम पाण्याचे झरे याच भेगाळलेल्या पट्टीतले आहेत.

हिमालयात समुद्री जिवांचे जीवाश्म कसे सापडतात?

आपल्या देवघरातला शाळिग्राम याचे उत्तम उदाहरण आहे. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या दगडांतील चक्राकार आकृती म्हणजे अमोनाइट या नामशेष समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा असतो. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारत उत्तरेकडे येत गेला तसा टेथिसचा तळ आशियाखाली बुडत गेला, आणि सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही खंडांच्या कडा एकमेकींना भिडल्या. दोन्ही बाजूंना हलके खंडीय कवच असल्यामुळे ते टेथिसच्या तळासारखे खोल गडप होऊ शकले नाही. ते दुमडले, चिरफळले, एकावर एक चढले आणि तिबेटखाली सुमारे ७० किलोमीटर जाड झाले. उथळ समुद्रात साचलेला गाळही वर उचलला गेला. ८,८४८.८६ मीटर उंचीच्या एव्हरेस्टचा माथा समुद्री चुनखडकाचा आहे.

टेथिसचा बुडालेला तळ पूर्णपणे नाहीसा झाला का?

झालेला नाही. भूकंपलहरींच्या साहाय्याने पृथ्वीच्या अंतरंगाची चित्रे काढली जातात, त्यांत हे थंड तुकडे खोल प्रावरणात अजूनही दिसतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे की समुद्राची पातळी अपेक्षेपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे त्याचा संबंध टेथिसच्या या बुडालेल्या तुकड्यांशी आणि त्यांनी आफ्रिकेखालच्या उष्ण प्रावरणात घडवलेल्या हालचालींशी जोडला.

भारत आजही सरकतो आहे का?

होय, ईशान्येकडे, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या वेगाने, आणि हे उपग्रहाधारित स्थाननिर्धारणाने प्रत्यक्ष मोजले जाते. शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षे झाली. तेवढ्या काळात रायगड सुमारे साडेसतरा मीटर सरकला. या हालचालीपैकी वर्षाला साधारण २ सेंटिमीटर हिमालयाच्या पायथ्याशी ताण म्हणून साठत राहतात आणि ते भूकंपातून मोकळे होतात. १५ ऑगस्ट १९५० चा ८.६ तीव्रतेचा आसाम-तिबेट भूकंप आणि २५ एप्रिल २०१५ चा नेपाळमधील ७.८ तीव्रतेचा भूकंप हे त्याच हिशेबातले.

महाराष्ट्र भूपट्टाच्या कडेपासून दूर आहे, मग कोयना आणि किल्लारीला भूकंप कसे झाले?

टकरीचा दाब केवळ कडेवर राहत नाही. तो पट्टाच्या आतही पोहोचतो आणि जुन्या, बुजलेल्या भ्रंशांवर, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकलेले आहेत अशा भेगांवर, येऊन साचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात झालेला सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप या प्रकारचा होता आणि त्यात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. तीव्रता मध्यम, पण केंद्र उथळ आणि घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, त्यामुळे हानी एवढी मोठी झाली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप थोडा वेगळा आहे: तेथे भ्रंशावर ताण आधीपासून होता, आणि जलाशयातील पाण्याचे वजन व खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा होण्यास चालना दिली, असे मानले जाते. धरणाने भूकंप ‘निर्माण’ केला, असे म्हणणे म्हणूनच सैल ठरते. या भागाचा खोल छिद्रांद्वारे अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे.

अंदमानची परिस्थिती वेगळी का?

कारण तेथे समुद्रतळ आजही बुडतो आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,२०० ते १,३०० किलोमीटर लांबीची कड सरकली, ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि वर उचललेल्या तळाने त्सुनामी निर्माण केली. ग्रेट निकोबारमधील इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचला आणि तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. भारतातील एकमेव जिवंत ज्वालामुखी, बॅरन बेट, याच बुडणाऱ्या पट्टामुळे धगधगतो.

नवा महासागर आज कुठे तयार होत आहे?

तांबडा समुद्र हाच एक बाल महासागर आहे. अरबस्तान आणि आफ्रिका यांच्यामधील भेग सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी रुंदावू लागली. तिचेच भावंड पूर्व आफ्रिकेच्या खचदरीच्या रूपाने जमिनीवर दिसते. इथिओपियाच्या अफार प्रदेशात सप्टेंबर २००५ मध्ये काही दिवसांत सुमारे ६० किलोमीटर लांबीचा पट्टा फाकला आणि काही ठिकाणी ही फाक ८ मीटरपर्यंत गेली. मात्र प्रत्येक खचदरीचा महासागर होतोच असे नाही. नर्मदा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील प्राचीन खचभाग अर्ध्यावरच थांबलेले आहेत.

भारतीय भूपट्ट स्वतःच तुटतो आहे का?

जुन्या नकाशांवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकच भूपट्ट दाखवलेला असतो. हिमालयापाशी भारताची गती रोखली जाते, पण ऑस्ट्रेलियाकडील भाग तुलनेने मोकळा सरकतो. परिणामी मधल्या हिंदी महासागराचा तळ हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात चुरगळतो आहे. म्हणून अनेक अभ्यासक आता भारतीय, ऑस्ट्रेलियन आणि त्यांच्यामधील मकर असे तीन वेगळे पट्ट मानतात. त्यांच्यामध्ये एखादी स्पष्ट रेषा अजून नाही, केवळ पसरट विरूपण आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला, गर्तेपासून दूर, भर समुद्रतळात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दोन तासांनी ८.२ तीव्रतेचा दुसरा. एकमेकांना जवळपास काटकोनात छेदणारे अनेक भ्रंश त्या दिवशी तुटले होते. चेन्नईपर्यंत लोक इमारतींबाहेर धावले, २००४ च्या आठवणीने किनारे रिकामे करण्यात आले. पण तळ उभा न उचलला जाता आडवा सरकला होता, त्यामुळे मोठी लाट आली नाही.